हजेरीपटावरचा पैसा, जमिनीतले पाणी

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर एक लहानशी कपात असते. तिचे नाव व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. प्राप्तिकरावर तावातावाने बोलणारी मंडळीही या रकमेकडे ढुंकून पाहत नाहीत. पण १९७५ साली हा कर आला तो एका ठरलेल्या कामासाठी. शहरात पगार घेणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे, तेवढीच भर राज्य सरकारने घालायची आणि खेड्यात जो अंगमेहनतीचे काम मागायला येईल त्याला त्यातून काम द्यायचे. फोर्टमधल्या बँकेतल्या कारकुनाच्या पगारातून माण-आटपाडीकडच्या नाल्यावर बांध पडायचा, आणि दोघांची कधी गाठही पडायची नाही.

ही रोजगार हमी योजना, लोकांच्या तोंडी ‘रोहयो’. मंदी आली की सरकारे तिजोरी उघडतात, हे आता सर्वांच्या परिचयाचे आहे. पण तो पैसा बँकांना, कारखान्यांना, महामार्गांना मिळतो, असेच चित्र डोळ्यांसमोर येते. शेत, रान आणि गाव यांच्यासाठी सरकारने हात सैल सोडला तर काय होते, याचा पन्नास वर्षांहून मोठा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. आठवड्याची मजुरी आठवड्याच्या बाजारात संपते. मागे उरतो बांध, तलाव, विहीर, झाड. ते कुणाच्या वाट्याला येतात, हा प्रश्न या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

१९७० पासून पाऊस दगा देत होता. १९७२ साली तो जवळपास फिरकलाच नाही. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्व भाग इथे खरीप गेले, रब्बी गेली, विहिरींनी तळ गाठला. दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने विकली गेली. त्या पिढीला आजही दोन गोष्टी हटकून आठवतात: रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. तिसरी आठवण खडी फोडण्याची. माळावर ओळीने बसलेली माणसे, हातात हातोडी, शेजारी मोजून घ्यायचा ढीग. मे १९७३मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कालपर्यंत स्वतःच्या शेतात मजूर लावणारा बागायतदारही त्यांत होता आणि त्याच्याकडे राबणारा भूमिहीनही.

इतक्या मोठ्या अवर्षणात भूकबळींची लाट आली नाही. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने या कामांना दिले. कारण साधे आहे. दुष्काळात धान्याआधी हातातला पैसा नाहीसा होतो. शेतात काम नाही म्हणजे मजुरी नाही. मजुरी नाही म्हणजे बाजारात ज्वारी असली तरी ती घेता येत नाही. मजुराच्या हाती रोख पडली की तो ज्वारी, मीठ-मिरची, रॉकेल घेतो. किराणा दुकानदार तालुक्याच्या अडत्याची उधारी फेडतो, अडत्या बाहेरून माल मागवतो. गरिबाच्या हातात गेलेला रुपया साठून राहत नाही, म्हणून तो बाजार लवकर हलवतो.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात याच विचाराचे तिरकस टोक गाठले होते. सरकारने नोटा बाटल्यांत भरून जुन्या खाणींत पुरल्या आणि लोकांना त्या उकरून काढायला लावले, तरी काहीच न करण्यापेक्षा ते बरे. मात्र घरे बांधणे अधिक शहाणपणाचे, असा त्यांचा रोख होता. १९७२ची खडी म्हणजे थोडीफार त्या पुरलेल्या बाटल्यांच्या जातीची होती. पोटे भरली, पण रस्त्यांच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कितीतरी वर्षे तसेच पडून राहिले.

दुष्काळी काम ही कल्पना मात्र जुनीच. १८७६-७८च्या दुष्काळात इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात कामे काढली, पण मजुरी इतकी खाली आणली की १८७७च्या सुरुवातीला हजारो मजूर काम सोडून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. सरकारने दिले तर घ्यायचे, असे ते काम होते. मागायचा हक्क कुणालाच नव्हता.

तो हक्क आणण्याचा ध्यास वि. स. पागे यांनी घेतला. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर हे त्यांचे कार्यक्षेत्र. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची मांडणी १९६०च्या दशकात विसापूर परिसरात लहान प्रमाणावर करून पाहिली गेली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात, दुष्काळाच्या तोंडावर, ती राज्याची योजना झाली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. राज्यघटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांत कामाच्या हक्काचा उल्लेख आहेच. महाराष्ट्राने त्याला ग्रामीण भागापुरते कायद्याचे बळ दिले. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला रोजचा अवघा एक रुपया होता आणि तोही क्वचितच कुणाला मिळाला. पण ‘काम द्या, नाहीतर भत्ता द्या’ म्हणत तहसील कचेरीवर मोर्चा नेता येऊ लागला, हा फरक लहान नव्हता. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या अनेक संघटनांना मजूर गोळा करायला हक्काचा विषय मिळाला.

कायद्याने आणखी एक गोष्ट बजावली. काम उत्पादक हवे आणि खर्चातला मोठा वाटा मजुरीवर जायला हवा. यंत्राने नव्हे, हातांनी करायचे, तेही गावाजवळ. या अटींत नेमके बसणारे काम म्हणजे पाझर तलाव.

नाल्याचा गळा जिथे अरुंद असतो तिथे आडवा मातीचा बांध घालतात. आधी पायात चर खणतात, थेट कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत. तो चर काळ्या चिकण मातीने ठासून भरतात, थरावर थर, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. बांधाच्या पोटात हा काळा गाभा, बाहेरून मुरमाचे आवरण, पाण्याच्या अंगाला दगडांचे पिचिंग आणि एका बाजूला जादा पाण्यासाठी सांडवा. माती ज्या खड्ड्यांतून काढायची तिथे मोजमापासाठी मधोमध एक उंचवटा तसाच सोडतात. आठवड्याच्या शेवटी त्याच्या उंचीवरून खड्ड्याची खोली धरतात आणि टोळीची मजुरी निघते. टोळीत पुरुष टिकाव चालवणार, बाया घमेली वाहणार, पोरे बाभळीखाली झोळीत. कायद्यात पाळणाघर होते. कामावर बहुधा झोळीच असायची.

पाझर तलावात पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही आणि टिकावे अशी अपेक्षाही नसते. ते हळूहळू जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींत उतरते. ज्या विहिरी माघात कोरड्या पडत त्या चैत्रापर्यंत चालू लागतात. तलाव सरकारचा, घाम मजुरांचा. पाणी मात्र ज्याची विहीर त्याचे.

रोहयोवरची सगळ्यांत टोकदार टीका हीच होती. बांधावर माती टाकणाऱ्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. तलावाच्या खाली ज्याची १० एकर आहे तो दोन वर्षांनी ऊस लावतो, आणि तीच बाई त्याच्याकडे खुरपायला किंवा कोयता घेऊन साखर कारखान्यावर जाते. वर खोट्या हजेरीपटांचा रोग होताच: मेलेल्यांच्या नावावर मजुरी, न झालेल्या कामाची मोजमापे.

हा पेच काही लोकांनी आपापल्या परीने सोडवून पाहिला. पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात कामे पाहायला गेले आणि खडी फोडण्यात इतके श्रम वाया जाताना पाहून अस्वस्थ झाले. नायगावात देवस्थानची सुमारे १६ हेक्टर उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली, समपातळीवर बांध घातले, लहान तलाव केला, पाणी अडवले. त्यातून उभी राहिलेली पाणी पंचायत जमिनीच्या एकरांवर पाणी वाटत नसे, घरातल्या माणसांवर वाटत असे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा होता. उसाला मात्र बंदी होती. सरकारी यंत्रणेने हा नियम कधी पुरता उचलला नाही, कारण त्यात पाण्यावरची मालकीच बदलत होती.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने थोडी निराळी वाट धरली. सरासरी जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचे हे गाव. १९९०च्या दशकात पोपटराव पवार सरपंच असताना आदर्श गाव योजना आणि रोहयो यांचा पैसा एकत्र करून वरच्या डोंगरांवर समतल चर खोदले गेले, झाडे लावली गेली, नाले बांधले गेले. अशी कामे शेकडो गावांत झाली. हिवरे बाजारचे वेगळेपण कामानंतरच्या नियमांत आहे: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, सिंचनासाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाहीत. दर वर्षी पावसाळा सरला की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरते. पाणी कमी असेल तर गहू कमी. कुणाच्या विहिरीला कितीही पाणी लागले तरी हा नियम सगळ्यांना सारखाच.

सरकारनेही एक मार्ग काढला, तो गावाच्या मालकीचा नव्हे, शेतकऱ्याच्या मालकीचा. १९९० साली, शरद पवार मुख्यमंत्री असताना, फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली. शेतकऱ्याने स्वतःच्या माळरानावर खड्डे घ्यायचे, कलमे लावायची आणि त्याची मजुरी, रोपे, खत यांचे पैसे योजनेतून मिळवायचे. आपल्याच शेतात राबून सरकारी मजुरी, ही कल्पना तशी नवीच होती. कोकणात हापूस आणि काजू, सांगोल्याच्या खडकाळ रानात डाळिंब आणि बोर, जालन्याकडे मोसंबी, बीडच्या डोंगरात सीताफळ. पंधरा वर्षांत राज्यातल्या फळबागांचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने आलेल्या नव्या योजनेत हाच धागा आहे. अनुदान ५०, ३० आणि २० टक्के असे तीन वर्षांत मिळते. पण दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत दिसली पाहिजेत. आधी झाड दाखवा, मग पैसे घ्या, अशी ही रोखठोक अट आहे.

मजुरीचा प्रश्न मात्र वेगळ्याच वळणाने गेला. १९८८ साली रोहयोची मजुरी किमान वेतनाइतकी करावी लागली आणि दर जवळपास दुप्पट झाला. कामावर झुंबड उडेल अशी अटकळ होती. प्रत्यक्षात कामाचे दिवस घटले. पैसा तेवढाच राहिला, म्हणून कामे कमी निघाली. अर्थतज्ज्ञांनी तेव्हाचे आकडे तपासून हेच दाखवले: कागदावर हमी होती, पण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती मिळत नव्हती.

हा सगळा गोंधळ फक्त आपल्याकडचा, असे मानायचे कारण नाही. महामंदीत बुडालेल्या अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्ट मार्च १९३३मध्ये अध्यक्ष झाले आणि महिन्याच्या आतच त्यांनी बेकार तरुणांची एक निसर्गसंवर्धन फौज उभारली. १८ ते २५ वयाची पोरे रानात छावण्या टाकून राहायची. महिन्याला ३० डॉलर मिळायचे, त्यातले २५ बहुधा थेट घरी जायचे. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण यातून गेले आणि त्यांनी ३०० कोटींच्या घरात झाडे लावली. याच काळात मधल्या मैदानी प्रदेशातली नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडत होती. १४ एप्रिल १९३५चे धुळीचे काळे वादळ इतके दाट होते की भरदिवसा अंधार झाला. दोनच आठवड्यांत अमेरिकी संसदेने मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते उभे केले. वारा अडवण्यासाठी उत्तर डकोटापासून टेक्सासपर्यंत झाडांचे पट्टे उभे राहिले. त्यांत सुमारे २२ कोटी झाडे होती.

पण रूझवेल्ट यांच्याच सरकारने शेतमालाचे भाव सावरण्यासाठी जमीन पडीक ठेवणाऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा धनादेश गेला जमीनमालकाकडे. दक्षिणेतल्या कापसाच्या पट्ट्यात वाट्याने शेती कसणाऱ्या हजारो कुटुंबांना, काळ्या आणि गोऱ्या दोघांनाही, मालकांनी काढून टाकले. पेरायचेच नाही तर कूळ हवे कशाला? १९३४ साली आर्कन्सामध्ये या कुळांनी मिळून संघटना काढली. माणदेशातली पाझर तलावावरची बाई आणि आर्कन्सातले ते कूळ यांची तक्रार एकाच जातकुळीची होती.

जंगलात हा प्रश्न आणखी वेगळा होतो, कारण तिथे मालक सरकारच. वन खाते मजूर लावून खड्डे खणते, रोपे लावते, मजुरी देते. पुढे त्या झाडांशी गावाचा संबंध राहत नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव इथे अपवाद ठरले. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबू कधी तोडायचा, किती ठेवायचा, कुणाला विकायचा, हे गाव ठरवू लागले. त्या जंगलात पुढे मृदसंधारणाचे जे काम झाले ते गावाने स्वतःच्या ठेव्यावर केलेले काम होते. मजुरी आणि मालमत्ता एकाच हातात पडण्याचे हे राज्यातले बहुधा सर्वांत स्वच्छ उदाहरण.

महाराष्ट्राची कल्पना २००५ साली देशाची झाली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा फेब्रुवारी २००६मध्ये २०० जिल्ह्यांत सुरू झाला, एप्रिल २००८पर्यंत सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला आणि २००९ साली त्याला महात्मा गांधींचे नाव मिळाले. कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम आणि अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर. जागतिक मंदीच्या त्या वर्षांत खेड्यांतली खरेदी टिकून राहिली, त्यात या मजुरीचाही हात होता. खरी कसोटी २०२० साली लागली. टाळेबंदीत पुणे-मुंबईहून पायी गेलेली माणसे गावी पोहोचली तेव्हा हाताला दुसरे काम नव्हतेच. केंद्राने अर्थसंकल्पातल्या ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी रुपये दिले. त्या वर्षी देशातली साडेसात कोटींच्या आसपास कुटुंबे या कामावर होती.

आज कामावर मुकादमाच्या हजेरीपटाची जागा मोबाइलने घेतली आहे. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र ॲपवर चढवावे लागते. डोंगरात रेंज नसली की दिवस बुडतो. मजुरी आधार जोडलेल्या खात्यात जमा होते, आणि ती कधी होईल याचा नेम नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात हा दर रोजचा ३१२ रुपये होता. द्राक्षबागेत किंवा बांधकामावर त्याहून जास्त मिळतात, तेही त्याच दिवशी. त्यामुळे ज्यांना बाहेर जाता येते ते जातात. रोहयोवर उरतात बाया, म्हातारी माणसे आणि दुष्काळी टापूतले अडलेले.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १०० चे १२५ झाले. पण खर्चातला ४० टक्के वाटा आता महाराष्ट्रासारख्या राज्यांनी उचलायचा आहे. केंद्र राज्यागणिक वर्षाची रक्कम ठरवणार, त्यावरचा खर्च राज्याचा. पेरणी-कापणीच्या दिवसांत मिळून ६० दिवस कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. दुष्काळात मागणी वाढते आणि नेमक्या त्याच वर्षी राज्याचे उत्पन्न घटते. अशा वर्षी ठरलेल्या रकमेवरचे पैसे कुठून येणार, याचे उत्तर प्रत्येक राज्याला वेगळे शोधावे लागेल.

नव्या कायद्यातही कामांची निवड ग्रामपंचायतीच्या आराखड्यातूनच व्हायची आहे. विहिरीचे अनुदान २०२२ साली चार लाखांवर नेल्यापासून अनेक गावांच्या याद्या वैयक्तिक विहिरींनीच भरलेल्या असतात. भूमिहीनांसाठी राज्याने डिसेंबर २०२०मध्ये शेळ्यांचे आणि कोंबड्यांचे निवारे रोहयोत आणले, पण ते बांधायलाही जागा लागते आणि अर्जाला जागेचा उतारा जोडावा लागतो. तो नसलेल्या मजुरासाठी गावाचे गायरान, तलावातली मासेमारी, बांधावरच्या झाडांची फळे एवढेच काय ते शिल्लक राहते, आणि त्यांची वाटणी करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीकडे असूनही तो विषय बहुतेक ग्रामसभांच्या पत्रिकेवर येतच नाही.